तात्पुरत्याची मुदत

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ साली एक पोलिश गाव वसलं. सुमारे पाच हजार वस्ती, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सोव्हिएत पोलिसांनी १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधल्या लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. हिटलरनं रशियावर स्वारी केली तेव्हा राजकारण पालटलं, कैद सुटली आणि त्यातले काही इराणमार्गे पंचगंगेच्या काठी येऊन पोचले. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं असा सगळा संसार तिथं पाच वर्षं नांदला. १९४८ मध्ये वस्ती रिकामी झाली आणि त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. त्या जागेचं नाव पडलं गांधीनगर. कोकणातला किंवा सीमाभागातला कापड दुकानदार आज घाऊक मालासाठी गाठतो ते हेच.

एकाच छपराखाली पाठोपाठ राहिलेले हे दोन निर्वासित समाज. दोघांचंही निर्वासितपण संपलं, पण वाटा अगदी वेगळ्या. पोलिशांना घरी परतायचं होतं, पण घरच दुसऱ्या देशात गेलं होतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला झालेल्या वाटाघाटींत पूर्व पोलंड स्टालिनच्या पदरात पडला. ज्यांनी हद्दपार केलं त्यांच्याच राज्यात परत कोण जाणार? त्यांचे नवरे, भाऊ, मुलगे पोलिश जनरल आंदेर्सच्या फौजेत ब्रिटनच्या बाजूनं इटलीत लढले होते. त्या उपकाराची जाणीव म्हणा किंवा ओशाळलेपण म्हणा, ब्रिटिश संसदेनं १९४७ मध्ये पोलिशांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि वळिवड्यातली कुटुंबं बोटीनं इंग्लंडला निघाली. काही ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडाकडे गेली. थोडी नव्या सीमांमधल्या पोलंडला परतली. सिंधी मात्र आले आणि राहिले.

निर्वासितांच्या प्रश्नावर टिकाऊ उपाय तीनच, असं जगभरच्या संस्था सांगतात: मायदेशी परत जाणं, आश्रय दिलेल्या देशात सामावून जाणं, किंवा तिसऱ्या एखाद्या देशानं नेऊन वसवणं. वळिवड्याच्या त्या बराकींनी हे तिन्ही पाहिले. यादी चुकीची नाही. पण ती ‘हा माणूस कुठं राहणार?’ या प्रश्नापासून सुरू होते, आणि माझ्या मते गोंधळ तिथंच आहे. आधीचा प्रश्न ‘हा माणूस कुणाचा?’ हा आहे. त्याचं उत्तर मिळालं की राहायचं कुठं हे माणूस बहुतेक वेळा स्वतःच शोधतो. ते मिळालं नाही, तर धान्य, तंबू आणि परदेशी मदतीचा कितीही ओघ आला तरी छावणी संपत नाही. गंमत अशी की निर्वासितांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था, यूएनएचसीआर, १९५० मध्ये स्थापन झाली तेव्हा तिला मुदत दिली होती तीन वर्षांची. युरोपातलं महायुद्धाचं उरलंसुरलं काम आटपायचं आणि कुलूप लावायचं, असा बेत होता. ती मुदत पाच-पाच वर्षांनी वाढत राहिली आणि २००३ मध्ये ‘प्रश्न सुटेपर्यंत’ अशी बेमुदत करून टाकली. २०२४ अखेर या संस्थेच्या हिशेबात जगातली जबरदस्तीनं विस्थापित झालेली माणसं होती १२ कोटी ३२ लाख. महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती. तिसरा देश नेऊन वसवतो असं भाग्य एका वर्षात शंभरातल्या एका निर्वासितालाही लाभत नाही.

सिंध्यांचं काय झालं ते नीट पाहायला हवं, कारण त्यांच्या यशाची गोष्ट आपण उद्योगीपणाची म्हणून सांगतो आणि त्यातला राज्यघटनेचा भाग विसरतो. पंजाब आणि बंगाल फाळणीत चिरले गेले, पण त्यांचा एकेक तुकडा भारतात राहिला. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि राहू पाहणाऱ्यांचाही धीर सुटला. बोटी मुंबईला लागू लागल्या. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत लाखभर माणसं भरली गेली. ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचं नामकरण केलं उल्हासनगर. तिथले पत्ते आजही कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगितले जातात.

ही माणसं बराकींत पाण्यासाठी रांगा लावत होती तेव्हा दिल्लीत घटनासमिती नागरिकत्वाची कलमं घासूनपुसून घेत होती. सहाव्या कलमानं ठरवलं की १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन इथं राहिलेला माणूस, त्याचा, त्याच्या आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म अखंड हिंदुस्थानातला असेल तर, आपोआप भारताचा नागरिक. त्यानंतर आला असेल तर सहा महिने वास्तव्य आणि एक अर्ज. बाकीची बरीचशी घटना २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली, पण नागरिकत्वाची कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच अमलात आली. म्हणजे उल्हासनगरच्या सिंध्याला पक्कं घर मिळण्याच्या कितीतरी आधी मताचा हक्क मिळाला. देश तेव्हा कंगाल होता. धान्य बाहेरून आणावं लागत होतं. तरीही ‘आधी यांची परिस्थिती सुधारू, मग कागदाचं बघू’ असं कुणी म्हटलं नाही. मग १९५४ च्या कायद्यानं मागं राहिलेल्या मालमत्तेचे दावे मोजून भरपाई सुरू झाली. ती ज्या मालमत्तेतून दिली गेली तीत पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांची घरं आणि जमिनी होत्या. एकाचं बस्तान दुसऱ्याच्या उजाड अंगणात बसलं हे नाकारून त्या काळाचं कौतुक करू नये.

उल्हासनगर ही काही आदर्श वसाहत नव्हे. सनदांचे घोळ, बेकायदा मजले, ते नियमित करायला २००६ मध्ये विधिमंडळाला करावा लागलेला खास कायदा, हे सगळं जगजाहीर आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मराठी घरांत दोन पिढ्या चालला आणि त्यात तुच्छतेचा वास होताच. पण हे सारे नगरपालिकेचे, महसूल खात्याचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे तंटे आहेत. तुम्ही इथले आहात का, हा प्रश्न त्यात नाही. निर्वासितपण संपलं याची याहून चांगली खूण मला सुचत नाही: माणसाचे प्रश्न इतरांसारखेच रटाळ होतात.

फाळणीच्या पूर्वेकडच्या बाजूला याच सरकारनं नेमकं उलट केलं. पंजाबातली अदलाबदल कायमची, हे दिल्लीनं लवकर मान्य केलं. पूर्व पाकिस्तानातून येणारे हिंदू मात्र वातावरण निवळलं की परत जातील, असा तिचा भरवसा होता. एप्रिल १९५० चा नेहरू-लियाकत करार याच आशेवर उभा होता. वर्षअखेरपर्यंत परतणाऱ्याला त्याची मालमत्ता मिळेल असं त्यात म्हटलं होतं. त्यामुळे पश्चिमेकडच्यांना भरपाई आणि पूर्वेकडच्यांना छावणीतली मदत, असा दुजाभाव झाला. परत जाण्याची आशा निर्वासिताला असते तेव्हा ती त्याची असते. सरकारनं ती धोरण म्हणून धरली की ती निर्वासिताच्या आयुष्याची वर्षं खाते.

नदीकाठच्या बंगाली शेतकऱ्यांना अखेर १९५८ मध्ये काढलेल्या दंडकारण्य प्रकल्पात, कोरापुट आणि बस्तरच्या माळांवर नेलं गेलं. त्यांपैकी बरेचसे नमशूद्र जातीचे. पुढं पूर्व पाकिस्तानातून आलेली काही कुटुंबं आजच्या गडचिरोलीतही वसवली. मुलचेऱ्याच्या बाजूला गेलं तर बंगाली बोलणारी अख्खी गावं लागतात. ही माणसं निराधार परकी नव्हती. सरकार त्यांना आपलं म्हणत होतं. म्हणजे ‘कुणाचा?’ या प्रश्नाचं उत्तर होतं. मग बिघडलं कुठं? कुठं राहायचं हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ज्यांच्या जंगलात त्यांना वसवलं त्या गोंड, कोया आदिवासींना तर त्याहून नाही. सरकारनं आपली नसलेली वस्तू दान केली. शिवाय बंगालमध्ये अनुसूचित जात असलेला नमशूद्र बस्तरात किंवा गडचिरोलीत आल्यावर कागदोपत्री त्या यादीबाहेर गेला, कारण अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक बदलते. १९७८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचं सरकार होतं, आणि तिचे पुढारी विरोधी पक्षात असताना या लोकांना बंगालमध्ये वसवण्याची भाषा करत आले होते. त्या भरवशावर दंडकारण्यातली हजारो कुटुंबं सुंदरबनाकडे परतली आणि मरिचझापी बेटावर त्यांनी स्वतः शाळा, बाजार, होड्यांचा कारखाना उभारला. जानेवारी १९७९ मध्ये सरकारनं बेटाची नाकेबंदी केली, मे महिन्यात बेट रिकामं केलं. किती माणसं मेली यावर आजही वाद आहे.

म्हणून माझ्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. नागरिकत्व हवंच, पण त्याच्या जोडीला निवड हवी. सिंध्यांना दोन्ही मिळालं. बराक पसंत नसेल तर ते पुण्याला, जळगावला, इंदूरला गेले. कुणी अडवलं नाही. आणि ते शहरांत गेले, जंगलात नाही. निर्वासिताला जमिनीचा तुकडा दिला की पुनर्वसन झालं, ही शेतकी समजूत सरकारांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. जमीन नेहमी आधीच कुणाची तरी असते. बाजार मात्र नव्या माणसानं वाढतो, आणि त्याचा पुरावा गांधीनगरच्या पेठेत आहे. हे आपल्याला नवं वाटू नये. कोयनेचं पाणी अडवून साठ वर्षं उलटली. त्या विस्थापितांच्या नागरिकत्वाबद्दल कुणाला शंका नव्हती, महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाही इतर राज्यांच्या आधी केला, तरी नातवंडांच्या पिढीचे मोर्चे निघतच आहेत. नुसता कागद पुरत नाही तो असा.

आता परत जाण्याबद्दल. तिन्ही उपायांत याचा मान सर्वांत मोठा. प्रत्येक सरकार आधी हेच सुचवतं. परत जाणं यशस्वी होतं, याला आपल्याच इतिहासात भलामोठा दाखला आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. त्यांच्यासाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावलेलं अनेकांना आठवत असेल. १६ डिसेंबरला ढाका पडलं आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातले बहुतेक परत गेले. कुणाला ढकलावं लागलं नाही. कारण ज्या राज्यानं त्यांना मारलं ते राज्यच गेलं होतं आणि जागी आलेलं राज्य त्यांना आपलं म्हणत होतं.

याच्या शेजारी रोहिंग्यांची कहाणी ठेवा. १९७८ मध्ये बर्माच्या राखाइन, म्हणजे तेव्हाच्या आराकान, भागातून दोन लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले, आणि वर्ष-दीड वर्षात त्यांतल्या बहुतेकांची ‘घरवापसी’ झाली. कागदोपत्री टिकाऊ उपाय पार पडला. १९८२ मध्ये बर्मानं नागरिकत्वाचा असा कायदा केला की त्यांना देशच उरला नाही. १९९१-९२ मध्ये पुन्हा अडीच लाख आले, पुन्हा बहुतेकांना परत पाठवलं गेलं. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून जास्त आले. नोव्हेंबर २०१८ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कॉक्स बझारच्या छावण्यांबाहेर परतीच्या गाड्या तयार ठेवल्या होत्या, पण चढायला कुणी आलं नाही. दोनदा परतून पाहिलेल्या माणसांचं ते उत्तर होतं. त्यांची मागणी साधी आहे: आधी नागरिकत्व, मग प्रवास. इतक्या मुत्सद्द्यांना जो क्रम उमगत नाही तो छावणीतल्या अडाणी म्हाताऱ्याला पाठ आहे.

यावर आक्षेप काय येणार ते मला ठाऊक आहे. आपल्याच लोकांना पुरत नाही, दार उघडं ठेवलं तर लोंढे येतील. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण जगातले सुमारे तीन-चतुर्थांश निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात. श्रीमंत देश आकांत करतात तो उरलेल्यांबद्दल. पण सीमेवर कुणाला घ्यायचं हा एक प्रश्न आणि वीस-तीस वर्षं राहिलेल्याचं काय करायचं हा दुसरा. पहिल्याची भीती दाखवून दुसरा टाळला जातो. लोंढा छावणीत कोंडल्यानं थांबत नाही. तो तिकडच्या हत्याकांडानं सुरू होतो आणि ते संपलं की आटतो. कोंडल्यानं एवढंच होतं की कमावू शकणारा माणूस रेशनवर जगतो आणि मग आपण त्याला आयतोबा म्हणतो.

कोंडण्याचे प्रकारही सौम्य असू शकतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत शेती आहे, शाळा आहे, मठ आहे. थंडीत आपल्या शहरांत स्वेटरांच्या रांगा लावून बसणारे तिबेटी अशाच वसाहतींमधून येतात. भारतानं तिबेट्यांना जितकं दिलं तितकं इतर कुणी दिलं नाही. तरी सहा दशकांनंतरही हातात असतो तो परदेशी माणसाचा नोंदणी दाखला, मुदतीगणिक नूतनीकरण करायचा. ज्यांचा जन्म इथं २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात झाला ते कायद्यानंच भारतीय, पण हे मान्य करून घ्यायला एका तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल आला २०१० च्या डिसेंबरात. अनेक तिबेटी स्वतःहून नागरिकत्व घेत नाहीत, कारण त्यांना ल्हासाचा दावा सोडायचा नाही. त्यांचा हा नकार मला आदरणीय वाटतो. मात्र नकार द्यायला आधी समोर काही ठेवलेलं असावं लागतं.

निवड समोर ठेवली की काय होतं ते त्रिपुरात दिसलं. १९९७ मध्ये मिझोराममधल्या हिंसाचारातून पळालेले ब्रू (रियांग) आदिवासी त्रिपुराच्या कांचनपूर भागातल्या छावण्यांत बावीस वर्षं राहिले. मतदार यादीत मिझोरामचे, छावणी त्रिपुराची. परतीच्या योजनांवर योजना आल्या. थोडे गेले, बहुतेक बसून राहिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये दबाव म्हणून छावण्यांचं रेशनच थांबवलं गेलं आणि लोक रस्त्यावर उतरले. मग १६ जानेवारी २०२० ला केंद्र, दोन्ही राज्यं आणि ब्रूंचे प्रतिनिधी यांच्यात करार झाला: ज्यांना परत जायचं नाही ते त्रिपुरात वसतील. सुमारे ३४ हजार माणसं, ६०० कोटींचं पॅकेज, प्रत्येक कुटुंबाला बाराशे चौरस फूट जागा, चार लाखांची मुदत ठेव, दोन वर्षं महिना पाच हजार आणि धान्य. अंमलबजावणी रडतखडत झाली, स्थानिकांशी तंटेही झाले. तरी बावीस वर्षं जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते, लोकांचं म्हणणं मान्य केल्याबरोबर, काही कोटींचा आणि काही एकरांचा हिशेब होऊन गेलं.

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, हे या चर्चेत दरवेळी म्हटलं जातं. सही करावी असं मलाही वाटतं, पण तीवर फार भिस्त ठेवू नये. सही केलेल्या केनियात ददाबची छावणी १९९१ पासून उभीच आहे. त्यापेक्षा आपल्या कायद्यात एक घड्याळ बसवावं. नोंदणी झालेल्या विस्थापिताला ठरावीक वर्षांनी, समजा पाच, कुठंही राहायची आणि काम करायची मोकळीक, आणि दहा वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचा हक्क. अर्ज न करण्याचाही. इतकी वर्षं राहिलेला माणूस इथला, हे तत्त्व भारतानं नाकारलेलं नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीनं तेच मान्य करून अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आणली. फक्त त्याला चाळणी लावली: तीन देश, सहा धर्म, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंतचं आगमन. या चाळणीतून रोहिंग्या गळाले हे सगळे जाणतात. तिबेटी बौद्ध आणि श्रीलंकेतले तमिळ हिंदूही गळाले, ही गोष्ट दुरुस्तीचे समर्थक आणि विरोधक दोघंही दबक्या आवाजात बोलतात.

सुरुवात करायची तर तमिळनाडूच्या छावण्यांपासून करावी. श्रीलंकेतल्या १९८३ च्या दंगलीनंतर आलेल्या तमिळांपैकी सुमारे ५८ हजार माणसं तिथं राहतात, त्यातली कितीतरी तिथंच जन्मलेली. भाषा तीच, देव तेच. राज्य सरकारनं २०२१ मध्ये छावण्यांचं नाव बदलून ‘पुनर्वसन छावण्या’ केलं, नवी घरंही बांधायला घेतली. नागरिकत्व तेवढं राज्याच्या हातात नाही. यातली काही कुटुंबं तर मुळातली इथलीच. इंग्रजांनी त्यांच्या पणज्यांना मद्रास इलाख्यातून सिलोनच्या चहामळ्यांत नेलं, १९४८ मध्ये सिलोननं त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं, आणि १९६४ मध्ये लाल बहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी साडेनऊ लाखांवर माणसांची वाटणी केली: सव्वापाच लाख भारतानं घ्यायची, तीन लाख सिलोननं, उरलेल्यांचं नंतर बघू. जून २०१९ मध्ये अशाच काही मळेकरी वंशाच्या छावणीवासीयांचं प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढं आलं. पासपोर्ट-व्हिसाविना आले म्हणून कायद्याच्या भाषेत ते बेकायदा स्थलांतरित होते. त्यांनी नागरिकत्वाचे अर्ज करावेत आणि केंद्रानं ते विचारात घ्यावेत, असं न्यायालयानं सांगितलं. पंचावन्न वर्षांपूर्वी भारताच्या पंतप्रधानानं ज्या समाजाच्या वतीनं सही केली होती, त्याच समाजाची ही माणसं होती.